सपरवाना वनवास

वनवासास जाण्यासाठी पूर्वी एक हट्टी सावत्र आई आणि वचनात अडकलेला पिता एवढी सामग्री पुरेशी होत असे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्यानांत सपत्नीक वनवास करावयाचा झाल्यास मात्र कित्येक महिने आधी, एका ठरलेल्या दिवशी, पॅसिफिक प्रमाणवेळेनुसार सकाळी सातच्या ठोक्याला, स्नानसंध्या बाजूस ठेवून संगणकासमोर बसावे लागते आणि उजव्या हाताची तर्जनी उगारून घड्याळाकडे टक लावावी लागते. कारण योसेमिटीच्या दरीतील अपर पाइन्स नामक छावणीतील तंबूच्या जागा ज्या क्षणी आरक्षणासाठी खुल्या होतात, त्यानंतर चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वी त्या संपलेल्याही असतात. प्रभू रामचंद्रांना ही अडचण पडली नाही. एका जागेवर सहा माणसे आणि दोन वाहने यांना मुभा असल्यामुळे लक्ष्मणासाठी वेगळा अर्ज करावा लागला नसता, हे खरे. परंतु पर्णकुटीसाठी पाने तोडल्याबद्दल दंड बसला असता, आणि हरिणादी वन्य पशूंपासून निदान २५ यार्ड दूर राहण्याचा यलोस्टोनचा दंडक पंचवटीत अमलात असता तर रामायण अरण्यकांडातच आटोपले असते.

मी आणि माझी पत्नी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी दीर्घकाळ वास्तव्य करून आहोत, आणि बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात, पाणी, वीज, पलंग आणि छप्पर यांनी युक्त असे घर कुलूपबंद करून, ज्याला येथे कॅम्पिंग म्हणतात त्या स्वेच्छेने पत्करलेल्या निराश्रित अवस्थेत काही काळ काढतो. लोक अरण्यात जातात ते कचेरीच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून, असे प्रवासाची माहितीपत्रके सांगतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. कचेरीचे शुद्ध, अभिजात आणि भेसळरहित स्वरूप ज्याला पाहावयाचे असेल त्याने अमेरिकेच्या अरण्यातच जावे. प्रवेशाच्या नाक्यावर परवाना, मोटारीच्या काचेआड दाखला, जागेच्या खांबावर नाव आणि तारखांची चिठ्ठी, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शांततेचा हुकूम, आणि बाहेरगावचे जळाऊ लाकूड आणू नये, कारण त्यातून परक्या किडी शिरतात, असे फर्मान: इतका चोख बंदोबस्त ज्या भूमीवर आहे तिला हे लोक 'वाइल्ड' म्हणतात. ज्याचे बालपण तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या आवारात विटीदांडू खेळण्यात गेले, त्याला या रानात पाऊल टाकताच परकेपणा वाटेनासा होतो.

या सर्व कागदपत्रांत श्रेष्ठ तो वार्षिक पास. अमेरिकेतील रहिवाशांना तो ८० डॉलरांत मिळतो आणि त्याच्या मागील बाजूस सह्यांसाठी दोन रेघा असतात. पासाचे मालक दोन असू शकतात. त्या दोघांचे परस्परांशी नाते काय, हे सरकार विचारीत नाही, आणि दोघांपैकी कोणीही एकट्याने, सोबत ओळखपत्र दाखवून, तो वापरू शकतो. ही शेवटची तरतूद माझ्या पत्नीने नाक्यावरच मोठ्याने वाचून दाखवली आणि पास आपल्या पर्समध्ये ठेवला. वयाची ६२ वर्षे पुरी केलेल्या नागरिकास तेवढ्याच ८० डॉलरांत आजन्म प्रवेश मिळतो, असे तेथील खिडकीवरील बाईंनी सौजन्याने सांगितल्यापासून माझ्या वाढदिवसाविषयी आमच्या घरात एक नवीनच आस्था उत्पन्न झाली आहे.

योसेमिटीच्या दरीचे संरक्षण करणाऱ्या कायद्यावर अब्राहम लिंकनने १८६४ साली सही केली, म्हणजे देशात यादवी युद्ध चालू असताना, आणि या एका गोष्टीसाठी मी त्या गृहस्थाला इतर सर्व कारणांखेरीज पुन्हा एकदा नमस्कार करावयास तयार आहे. दरीच्या उत्तरेस एल कॅपिटन नावाचा सुमारे ३,००० फूट उंचीचा उभा, अखंड कडा आहे. तो पाहून मनुष्याने अंतर्मुख व्हावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याच्या पायथ्याशी आलेला मनुष्य अस्वलांच्या चिंतेत असतो. येथील काळ्या अस्वलांना मोटारीचे दार उपटून काढता येते, आणि १९९८ या एका वर्षात त्यांनी या उद्यानात हजाराहून अधिक मोटारी फोडल्या. म्हणून प्रत्येक जागेवर एक जाडजूड लोखंडी पेटी ठेवलेली असते आणि अन्न, तसेच ज्याला ज्याला वास आहे असे सर्व काही, साबण, दंतमंजन, अत्तर, केरकचरा आणि अगदी रिकामी बर्फाची पेटीसुद्धा, तिच्यात बंद करावे असा नियम आहे.

आता, ज्याला ज्याला वास आहे, ही व्याख्या अमेरिकन कुटुंबास फारशी जाचक होत नाही. त्याचा पाव, त्याचे लोणी आणि त्याचा साबण एवढ्यावर यादी संपते. आमच्या सामानाची फडनिशी मात्र लांबत गेली. हिंग, मेतकूट, लसणीची चटणी, कैरीचे लोणचे, गोडा मसाला, तिळाचे तेल, उदबत्ती, गुडघ्यांना चोळावयाचे आयुर्वेदीय तेल, आणि या सर्वांच्या सहवासात घरापासून दोनशे मैल प्रवास करून त्यांचे गुणधर्म पूर्णतया आत्मसात केलेली माझी लोकरी टोपी, असा ऐवज पेटीत गेल्यावर बाहेर राहिलो ते आम्ही दोघे.

"अहो, त्या टोपीला वास येतो तर तुमच्या डोक्याला येत नसेल का?" पत्नीने विचारले.

"अगं, पेटी साडेतीन फुटांची आहे," मी म्हणालो.

तिने पेटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले, व मोजमापाचा विषय तेथेच थांबला. परंतु अस्वलांच्या बाबतीत आमची खरी अडचण निराळीच होती. योसेमिटीतील अस्वले कोणत्या प्रकारची मोटार पसंत करतात याचा शास्त्रीय अभ्यास झालेला असून २००९ साली तो एका प्राणिशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; त्याचा निष्कर्ष असा की त्यांची निवड मिनीव्हॅनवर अधिक असते, आणि संशोधकांचा एक तर्क असा की लेकुरवाळ्या कुटुंबांच्या या गाड्यांत मुलांनी सांडलेल्या खाण्याचा वास भरून राहिलेला असतो. आमची मिनीव्हॅन मुलांच्या शाळेच्या वेळची. मुले आता मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली. त्यांच्या बाललीलांचा चिवडा मात्र मागच्या आसनांच्या फटींत अद्याप शिल्लक आहे. हा अभ्यास वाचून झाल्यावर आम्ही उभयतांनी झाडूच्या काडीने त्या फटी कोरल्या, आणि एका काडेपेटीभर शेवेची जप्ती करून ती पेटीत जमा केली.

असल्या नियमांना हसणे सोपे आहे, आणि पुष्कळ पर्यटक हसतातही. परंतु त्यांचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानात येते की येथील प्रत्येक कलम म्हणजे पूर्वी कोणीतरी केलेल्या प्रतापाचे स्मारक आहे. यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले तेव्हा सरकारने ते घोषित केले, आणि राखण्यासाठी पैसे देण्याचे मात्र विसरले. परिणामी लोक येत, उष्ण झऱ्यांभोवतीचे शतकानुशतके साचलेले नाजूक थर हातोड्याने फोडून आठवण म्हणून घरी नेत, आणि साबण टाकल्याने फवारा लवकर उडतो असा शोध लागल्यावर जमिनीच्या पोटात साबण ओतीत. अखेरीस १८८६ साली तेथे सैन्य आणावे लागले. वनखात्याचे काम घोडदळाने करावे ही व्यवस्था १९१८ पर्यंत चालू होती. मधल्या काळात, १९१६ साली, राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. आणि ते खाते झाले म्हणून लगेच शहाणपण आले असेही नाही. यलोस्टोनमध्ये एके काळी उपाहारगृहांचे खरकटे एका जागी ओतून, समोर प्रेक्षकांसाठी पायऱ्यापायऱ्यांची बाके मांडून, अस्वलांची पंगत लोकांना दाखवीत असत. आज त्याच अस्वलांपासून १०० यार्ड दूर राहा असे सांगणारी पाटी जो वाचतो त्याने ती बाके मनात आणावीत, म्हणजे पाटीचा राग येत नाही.

तंबूविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण तो विषय दांपत्यांच्या खासगी जीवनात मोडतो. तो ठोकण्याची क्रिया मात्र सार्वजनिक असते, ही त्यातील मेख आहे. शेजारच्या जागेवर बंगल्याएवढे फिरते घर घेऊन आलेले एखादे निवृत्त जोडपे घडीच्या खुर्च्या टाकून, हातात पेये घेऊन, आपल्याकडे पाहत बसलेले असते. आणि ज्या भाषेत आपण परस्परांना सूचना देत असतो ती त्यांना येत नसली तरी आशय पूर्णपणे कळत असतो. काही वेळाने त्यातील पुरुष उठून येतो, खुंट्या ठोकण्याचा रबरी हातोडा पुढे करतो आणि काहीही न बोलता परत जातो. या देशातील सौजन्याचा इतका संयमित नमुना मी अन्यत्र पाहिलेला नाही.

यूटामधील ब्राइस कॅन्यन येथे आमचा मुक्काम समुद्रसपाटीपासून सुमारे ८,००० फुटांवर होता. जेथे तांबूस, नारिंगी दगडांचे हजारो सुळके एका विशाल रंगमंडलात दाटीवाटीने उभे आहेत अशी ही जागा. तिला ज्याचे नाव मिळाले तो एबेनेझर ब्राइस हा स्कॉटलंडहून आलेला सुतार तेथे गुरे पाळीत असे, आणि गाय हरवण्यासाठी याहून वाईट जागा नाही, एवढाच अभिप्राय त्याच्या नावावर सांगितला जातो. सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत या मताला स्थान नसले तरी ज्याची गाय हरवली आहे त्याच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. आमच्यापुढे प्रश्न गाईचा नसून डाळीचा होता. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळू लागते, आणि उकळूनही तुरीच्या डाळीचे काही वाकडे करू शकत नाही. हे जाणून पत्नीने प्रेशर कुकर बरोबर घेतला होता. सूर्य मावळला, सुळक्यांवरचा रंग उतरू लागला, आसमंतातील ऐंशी-शंभर माणसे त्या दृश्याने मूक झाली, आणि नेमक्या त्याच क्षणी आमच्या कुकरने पहिली शिट्टी दिली.

दुसऱ्या शिट्टीला दोन तंबूंतून माणसे बाहेर आली. तिसरीला एक वयोवृद्ध गृहस्थ हातात विजेरी घेऊन आमच्या मेजापाशी आले व अत्यंत अदबीने त्यांनी विचारले की अस्वलांना पळवून लावण्याचे हे यंत्र कोठे विकत मिळते. पत्नीने त्यांना बसवून घेतले, वाडगाभर आमटी-भात दिला, आणि वर लोणच्याची एक फोड ठेवली. ते गृहस्थ जेवले, डोळे पुसले, आणि जाऊन आपल्या जळणाच्या मोळीतील निम्मी लाकडे आणून आमच्या चुलीशेजारी रचून गेले. शांततेचा हुकूम रात्री दहापासून सुरू होतो आणि आमची शेवटची शिट्टी त्याच्या पुष्कळच आधी झाली होती, याची नोंद येथे कायदेशीर दृष्टीने करून ठेवतो.

नेवाडातून जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ५० विषयी 'लाइफ' मासिकाने १९८६ साली लिहिले की अमेरिकेतील हा सर्वांत एकाकी रस्ता होय. वाटेत खरोखरच काही नाही. डोंगरांची रांग, सपाट खोरे, पुन्हा डोंगरांची रांग, आणि दोन गावांच्या मध्ये इतके अंतर की विवाहित माणसांना एकमेकांशी बोलावे लागते. दुसऱ्या एखाद्या राज्याने असा लौकिक लपवला असता. नेवाडाने तत्काळ एक पुस्तिका छापली: वाटेतील गावोगावी तीवर शिक्के मारून घ्यावेत आणि ती धाडून द्यावी, म्हणजे हा रस्ता आपण जिवंतपणी पार केल्याबद्दल गव्हर्नरच्या सहीचे प्रमाणपत्र घरपोच येते. एकाकीपणासुद्धा साक्षांकित करून देणारे हे सरकार पाहून कोणाही सच्च्या कारकुनाचा ऊर भरून यावा. ॲरिझोनात तर वेळही हद्दीप्रमाणे बदलते. ते राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही, त्याच्या आत असलेला नावाहो लोकांचा मुलूख करतो, आणि त्याच्याही आत असलेला होपी लोकांचा मुलूख पुन्हा करीत नाही. दुपारच्या जेवणाची वेळ झाली की नाही यावर आमच्यात मतभेद झाला तेव्हा दोघांचेही म्हणणे कायद्याने बरोबर होते.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर पोचलो तेव्हा नकाशा पाहून पत्नीने चप्पल काढली. दरी सुमारे २७७ मैल लांब आणि काही ठिकाणी एक मैल खोल. तीत जी शिखरे उभी आहेत त्यांची नावे विष्णुमंदिर, शिवमंदिर, ब्रह्ममंदिर, बुद्धमंदिर अशी असून राम आणि कृष्ण यांची देवस्थानेही जवळपासच आहेत. हा प्रताप क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाचा. तो लष्करातील अधिकारी. या दरीवरील त्याचा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला, आणि तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांत त्याला पूर्वेकडील देवळे दिसली. विष्णू आणि शिव त्याने बसवले, आणि पुढच्या लोकांनी पंचायतन वाढवीत नेले. तळाशी, कोलोरॅडो नदीच्या पाण्यालगत, जो काळसर खडक उघडा पडला आहे त्यालाही विष्णूचेच नाव असून त्याचे वय सुमारे १७५ कोटी वर्षे आहे. जलाशयाकाठी आडवा पहुडलेला, सर्वांच्या आधीचा आणि सर्वांचा भार वाहणारा तो विष्णू, हे नाव ठेवणाऱ्याने समजून ठेवले असो वा नसो, ठेवले ते अचूक.

पूर्वेच्या देवांना येथे आणून बसवताना दरीत आधीपासून राहणाऱ्यांना मात्र उठवण्यात आले. दरीच्या आतील झऱ्यावर हावासुपाई लोक मळे करीत. त्यांना तेथून काढून ती जागा 'इंडियन गार्डन' या नावाने पर्यटकांचा विसावा झाली, आणि त्यांच्या नावाने ती ओळखली जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. बंदोबस्ताची स्तुती करताना त्याची ही बाजू झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही.

शिवमंदिराची आणखी एक हकीकत आहे. त्याचा सपाट माथा इतर प्रदेशापासून इतका तुटलेला आहे की तेथील प्राणी हिमयुगापासून निराळेच विकसित झाले असतील, अशा कल्पनेने १९३७ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने वर एक मोहीम धाडली. वृत्तपत्रांनी अक्राळविक्राळ प्राण्यांची स्वप्ने पाहिली. प्राणी निघाले ते सर्वसाधारण, आणि सापडले ते कोडॅक फिल्मचे एक रिकामे खोके. काठावर राहणारे छायाचित्रकार एमरी कोल्ब त्यापूर्वीच वर जाऊन आले होते. आपल्या आधी कोणीच गेले नाही अशा जागी जाऊन बसावे आणि शेजारी कोणाचा तरी डबा उघडा दिसावा, हा अनुभव केवळ आमचाच नव्हे, हे कळून मला बरे वाटले.

"देवळे एवढी आहेत, तर प्रदक्षिणेची काही सोय?" पत्नीने तेथील तरुण रेंजरला विचारले. त्याने प्रश्न गंभीरपणे घेतला. पलीकडचा उत्तर काठ डोळ्यांसमोर दिसतो, सरळ रेषेत सुमारे दहा मैलांवर. मोटारीने जावयाचे तर सुमारे २१५ मैल पडतात, अशी माहिती त्याने दिली आणि वाटेतील पेट्रोलच्या पंपांची यादी लिहून दिली. तो कागद आमच्या देवघरात आहे.

या सगळ्या अधिकारशाहीला एक अपवाद मी पाहिला तो कॅपिटल रीफ उद्यानातील फ्रूटा या जागी. १८८० नंतरच्या दशकांत मॉर्मन वसाहतवाल्यांनी तेथे लावलेल्या फळबागा सरकारने राखल्या आहेत, आणि हंगामात फाटक उघडे असलेल्या बागेत शिरून जर्दाळू, पीच, नासपती किंवा सफरचंदे तेथेच बसून हवी तेवढी खावीत, फुकट, असा नियम आहे. बरोबर न्यावयाची असतील तरच तराजूवर तोलून पैसे पेटीत टाकावयाचे. पहारा नाही, पावती नाही, कोणी विचारीत नाही. दुसऱ्याच्या बागेतील फळे खाण्याचे शिक्षण आम्हा दोघांनाही लहानपणीच मिळालेले. परंतु ते शिक्षण चोरीचे होते, आणि परवानगी असताना झाडावर हात टाकावयाचा कसा, हे कळेना. पत्नी एका नासपतीच्या झाडाखाली बराच वेळ इकडे तिकडे पाहत उभी राहिली, माळी येत नाही याची खात्री झाल्यावर तिने फळ तोडले, आणि पदरात घेण्याच्या सवयीने जाकिटाखाली दडवले. नंतर तिने त्याचे पैसे पेटीत टाकले. मी म्हणालो की खाल्लेल्या फळाला पैसे लागत नाहीत. ती म्हणाली की दडवलेल्या फळाला लागत असावेत.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांस थोड्या सूचना कराव्याशा वाटतात. योसेमिटीहून पूर्वेस उतरणारी टायोगा खिंड आणि ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ ही दोन्ही हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात, तेव्हा सप्टेंबर महिना धरावा. मुले शाळेत परतलेली असतात आणि रात्री सोसतील इतक्याच थंड असतात. कुकरची एक रिंग जादा घ्यावी. पासवर कोणाची सही आधी व्हावयाची ते घरीच ठरवावे, नाक्यावर मागे मोटारींची रांग असते. आणि रेंजरने सामान तपासताना हिंगाची डबी हातात घेतलीच, तर हे औषध आहे असा युक्तिवाद कृपा करून करू नये. वासाचे औषधही अस्वलाच्या पेटीतच ठेवावे लागते.